लॉन पिवळं पडतंय, शेणखत-जीवामृत देऊनही फरक नाही. मदत हवी आहे (नाशिक)

पाथर्डी_फाटा
बंगल्यासमोरचं लॉन पिवळं पडत चाललंय. शेणखत पसरलं, जीवामृत सोडलं, काही फरक नाही. पाणी रोज देतो. रासायनिक काही टाकायचं नाही, घरात लहान मुलं आहेत. दिवाळीला पाहुणे येणार आहेत, त्याआधी हिरवं व्हायला हवं. काय टाकू आणि किती, एवढंच सांगा.

हरळी
गवत कोणतं? सिलेक्शन वन, कोरियन की मेक्सिकन? जागा किती? ऊन किती तास? पाणी बोअरचं की महापालिकेचं? पिवळेपणा सगळीकडे आहे की चकत्या पडल्यात? एवढं कळल्याशिवाय कोणी प्रमाण सांगितलं तर ते अंदाजाने सांगतोय असं समजा.

सेंद्रिय_शिवार
जीवामृत एक-दोनदा देऊन थांबू नका. २० लिटर पाण्यात १ किलो ताजं देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, तिसऱ्या दिवसापासून वापरा, आठवड्याच्या आत संपवा. दहापट पाणी घालून ओल्या जमिनीवर संध्याकाळी सोडा. दर पंधरा दिवसांनी देत राहा, दुसरं काही लागणार नाही.

पाथर्डी_फाटा
@हरळी सिलेक्शन वन. साधारण ६०० चौरस फूट. ऊन भरपूर. पाणी बोअरचं. सगळीकडेच पिवळं आहे, कंपाउंडच्या भिंतीजवळ जास्त.
@सेंद्रिय_शिवार हे सगळं करून झालंय हो, वर लिहिलंय की.

ओझर_बागायतदार
भिंतीजवळ जास्त म्हणालात, तर आधी एक बघा. नवीन पान पिवळं आहे की जुनं? आणि पिवळ्या पानावर शिरा हिरव्या आहेत का? खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. गवताचं पान अरुंद असतं, त्यामुळे लांबीच्या दिशेने हिरव्या-पिवळ्या रेघा दिसतील. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत द्राक्षबागा अशाच पिवळ्या पडतात.

जास्वंद
मिलीबग असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा. पानांच्या मागच्या बाजूला नीट लागलं पाहिजे. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, त्याच मिलीबग पसरवतात.

हरळी
@जास्वंद ताई, इथे मिलीबग नाही, लॉनचा प्रश्न आहे.
@पाथर्डी_फाटा शेणखत कुजलेलं होतं का? कच्च्या शेणखतातून हुमणी येते. मूठभर गवत धरून वर ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली मुळं खाल्लेली आहेत आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतील. तसं असेल तर मेटारायझियमची पावडर लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी, ओल्या जमिनीत. बुरशीनाशक त्याच सुमारास वापरू नका, मेटारायझियम स्वतःच बुरशी आहे.

पाथर्डी_फाटा
गवत उचललं जात नाही, घट्ट आहे. अळी नाही. कोवळी पानंच पिवळी आहेत, रेघा आहेत. म्हणजे लोह. मग लोहासाठी काय टाकू ते सांगा ना.

काळी_रान
थांबा. टाकण्याआधी माती बघा. खुरप्याने एक फूट खोल खड्डा घ्या आणि थर कसे आहेत ते लिहा. लॉन कधी लावलं? माती कुठून आणली?

पाथर्डी_फाटा
बंगल्याचं काम गेल्या वर्षी संपलं, मग लावलं. माती ठेकेदाराने भरली. कोणी विचारलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. खड्डा घेतला: वर तीन-चार इंच लाल माती, खाली काळी चिकण माती, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे. खालची माती ओलीचिंब, वास येतोय. मुळं लाल मातीतच थांबलीत.

काळी_रान
हेच महत्त्वाचं होतं. बांधकामाचा राडारोडा खाली गाडलाय. सिमेंट आणि चुन्यामुळे सामू (pH, माती किती आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वर जातो, भिंतीजवळ गिलाव्याची पडझड जास्त म्हणून तिथे पिवळेपणा जास्त. लोह जमिनीत असतं, पण जास्त सामूला ते विरघळत नाही, मुळांना घेता येत नाही. त्यात ट्रक आणि मिक्सर फिरून काळी माती दाबली गेली. पाणी खाली जात नाही, मुळांना हवा नाही, वास त्याचाच. रोजच्या पाण्याने ते वाढतंय. चिमूटभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे.

सेंद्रिय_शिवार
जिवाणू वाढले की सामू आपोआप ठीक होतो.

काळी_रान
मोकळा चुना असेल तर नाही होत, दादा. हिशोब करा. ६०० चौरस फुटांत सहा इंच खोलीची माती साधारण ११ टन. त्यात चुना फक्त १ टक्का धरला तरी ११० किलो. तो संपवायला ३५ किलोच्या आसपास गंधक लागेल. ५ टक्के असेल तर पाचपट. जीवामृताने मातीचा कण सुधारतो, जिवाणू वाढतात, ते चांगलंच आहे, पण एवढा चुना त्याने जात नाही. जिप्समही कोणी सुचवेल. ते सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीसाठी आहे, त्याने सामूचा हा प्रश्न सुटत नाही.

द्राक्षनगरी
वायनरीतून द्राक्षाचा चोथा आणा. आंबट असतो, सामू उतरवतो. नाशिकमध्ये असताना बाहेरचं खत कशाला?

ओझर_बागायतदार
ताजा चोथा लॉनवर टाकू नका, गवत करपेल. शेण मिसळून तीन-चार महिने कुजवावा लागतो, आणि कुजला की आंबटपणा बराच जातो. खत म्हणून उत्तम, सामूसाठी नाही.
हिरवेपणासाठी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) फवारा: लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. बोअरचं पाणी नको, पावसाचं किंवा आरओचं घ्या. संध्याकाळी, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. जमिनीत हिराकस टाकून उपयोग नाही, चुन्यात लगेच अडकतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (चुनखडीतही मुळांना मिळेल असं बांधलेलं लोह), चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम. ईडीटीए हे दुसरं चिलेट घेऊ नका, या सामूला ते टिकत नाही.

सेंद्रिय_शिवार
हे दोन्ही रसायनच झालं. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की रासायनिक नको.

ओझर_बागायतदार
म्हणूनच फवारणी म्हटलं, ती तात्पुरती आहे. पूर्ण वाळेपर्यंत मुलांना लॉनवर जाऊ देऊ नका. मुळं खोल जाईपर्यंत पानाला लोह द्यायला दुसरा वेगवान उपाय नाही. चिलेट नको असेल तर सोडून द्या.

हरळी
आता मातीचं काम. आधी पाणी रोज देणं बंद. माती हाताला ओलसर लागेल पण चिकटणार नाही, तेव्हाच सुरुवात करा. चिखलात काम केलंत तर आणखी दाबली जाईल. पहारीने किंवा गार्डन फोर्कने दर चार-पाच इंचांवर भोक, खोली सहा इंच, म्हणजे लाल मातीचा थर ओलांडून काळ्यात जाईल. भिंतीजवळ दोन फुटांची पट्टी मात्र उकरूनच काढा, राडारोडा बाहेर, तिथे नवी माती आणि गवत.
मग चाळलेलं गांडूळ खत, ३ मिलीमीटर थर. तुमच्या जागेला साधारण १०० किलो, म्हणजे ४० किलोच्या अडीच गोण्या. त्यात ५ किलो निंबोळी पेंड. झाडूच्या उलट्या बाजूने भोकांत सारा. गवताची टोकं दिसली पाहिजेत, पूर्ण झाकलं तर कुजतं.

पाथर्डी_फाटा
माळी म्हणतो वाळू टाका, चिकण माती मोकळी होईल.

काळी_रान
भोकांत खतासोबत थोडी जाड वाळू चालेल. मातीत मिसळू नका. चिकण मातीचा स्वभाव बदलायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. त्याहून कमी घातली तर कण एकमेकांत बसून विटेसारखं घट्ट होतं.

हरळी
यापुढे आठवड्यातून दोनदाच, पण सहा इंच भिजेल असं पाणी. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि कापलेलं गवत तिथेच पडू द्या, नत्र परत मिळतं.

पाथर्डी_फाटा
व्हिनेगर टाकलं, जोरात फसफसलं. फवारणी आज करतो. पण दिवाळीपर्यंत होईल का?

काळी_रान
फवारणीने रंग आठ-दहा दिवसांत बदलेल. मुळं खोल जायला पुढचा पावसाळा लागेल, भोकं आणि खत तेव्हा पुन्हा करा. माती तपासायला देताना लाल थर आणि काळा थर यांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत द्या, प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून. सामू, क्षारता आणि मुक्त चुना या तीन गोष्टी मागा. बोअरचं पाणीही एका स्वच्छ बाटलीत द्या. त्यात बायकार्बोनेट (सामू वर ठेवणारा क्षार) जास्त निघालं तर पिवळेपणा दरवर्षी परत येईल, आणि मग गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवण्याचाच विचार करावा लागेल.

मोगरा_प्रेमी
६०० चौरस फुटांच्या लॉनसाठी सिलेक्शन वनचं कार्पेट (तयार गवताच्या पट्ट्या) सध्या नाशिकमध्ये काय भावाने मिळतं? कोणाला माहीत आहे का?