एकाच मधमाशीत नर आणि कामकरी: खात्री कशी करायची, नमुना कसा जपायचा?

मकरंद_पेटी
मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशीच्या एका वसाहतीत कोषांतून (पोळ्याच्या घरांतून) काही विचित्र माश्या बाहेर पडतायत. एकीचा डावा डोळा नराचा, मोठा आणि माथ्यापर्यंत चढलेला. उजवा मात्र कामकरीचा. पोट निमुळतं. दुसरीचं डोकं पूर्ण कामकरीचं, पण मागचा भाग रुंद आणि बोथट. कोष सगळे कामकरीच्या मापाचे, टोप्या सपाट. राणी तरुण आहे, अंडी एकसारखी घालते, रोगाचं लक्षण नाही. या गायनँड्रोमॉर्फ म्हणजे नर-मादी मिश्र माश्याच आहेत याची खात्री कशी करायची? आणि हे होतं कशामुळे?

षट्कोन
वर्णनावरून तसंच वाटतंय, पण रंग आणि आकार यांवर निकाल देऊ नका. कामकरीच्या कोषात वाढलेला खुजा नर लांबून मिश्र वाटू शकतो. डोळ्यांच्या रंगात उत्परिवर्तन असलेला पांढऱ्या डोळ्यांचा नर निव्वळ नरच असतो. व्हॅरोआ या परजीवी कोळीकिड्यामुळे पोट आखडलेली आणि पंख चुरगळलेली कामकरीही फसवते.

१० पट भिंग घ्या, माशी थंड करून निश्चल करा आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळी तपासा.

आधी डोळे. नराचे दोन्ही संयुक्त डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, त्यामुळे तीन साधे डोळे खाली कपाळाकडे सरकलेले असतात. कामकरीत ते माथ्यावरच असतात आणि मोठे डोळे बाजूला राहतात. मिश्र माशीत एकच डोळा वर चढतो आणि साधे डोळे तिरके बसतात. हा तिरकेपणा फोटोतही पकडता येतो.

मग स्पर्शिका. बुडाचा लांब खंड आणि त्यापुढचा बारका खंड धरून कामकरीत एकूण १२ खंड, नरात १३. मागून उजेड ठेवून टोकाकडून बुडाकडे मोजलंत तर चूक कमी होते. नराचा बुडाचा खंड आखूडही असतो.

मागच्या पायाची नळी बाहेरच्या अंगाने बघा. कामकरीत ती गुळगुळीत आणि किंचित खोलगट असते, कडेला वाकड्या केसांची झालर असते, हीच परागटोपली. नरात ती नसते. त्याच पायाच्या पुढच्या रुंद खंडावर आतून कामकरीत ताठ केसांच्या आडव्या ओळी असतात. नरात ओळी नसून केस विखुरलेले असतात.

पोटासाठी चिमट्याने शेवटचे खंड हलकेच उघडा. नांगी आहे का, नराचं जननांग आहे का, की दोन्ही अर्धवट, हे बाहेरून कळत नाही. बोथट पोटात अर्धी नांगी सापडू शकते, तेव्हा जिवंत माशी बोटाने धरू नका.

दोन वेगळ्या अवयवांवर नर आणि मादी अशी स्पष्ट खूण मिळाली तरच मिश्र माशी म्हणा.

गुणसूत्र_१६
कारण अंड्यातच असतं. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. फलित अंड्यातून मादी (कामकरी किंवा राणी), तिच्यात ३२. लिंग ठरवणारं जनुक सीएसडी. त्याच्या दोन वेगळ्या प्रती असल्या की मादी, एकच असली की नर. दोन्ही प्रती सारख्या निघाल्या तर द्विगुणित, म्हणजे ३२ गुणसूत्रांचा, नर होतो, पण मेलिफेराच्या कामकऱ्या तो अळी असतानाच खाऊन टाकतात. म्हणून तुम्हाला दिसलेल्या माश्या त्या नव्हेत.

अंडं घालताना राणी थोडे शुक्राणू सोडते आणि मधमाशीच्या अंड्यात एकापेक्षा जास्त शिरणं नेहमीचंच आहे. एक अंड्याच्या केंद्रकाशी मीलन करतो, उरलेले विरून जातात. कधी कधी उरलेल्यांपैकी एखादा विरत नाही, स्वतंत्रपणे विभागू लागतो. मीलनातून झालेल्या पेशी ३२ गुणसूत्रांच्या, म्हणून मादी. त्या शुक्राणूच्या वंशातल्या १६ च्या, म्हणून नर. दोन्ही मिळून एकच शरीर तयार होतं. रोथेनबुलर, गोवेन आणि पार्क या संशोधकांनी १९५२ साली मधमाशीत हाच मार्ग मांडला.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट: साध्या नराला बाप नसतो, त्याचं सगळं आईकडून आलेलं असतं. मिश्र माशीच्या नर भागात मात्र गुणसूत्रं फक्त बापाची असतात, आईचं एकही नाही.

दोन भागांची सीमा इतकी ठळक दिसते कारण कीटकात प्रत्येक पेशी आपलं लिंग स्वतः ठरवते. सस्तन प्राण्यांसारखी रक्तातून फिरणारी लिंग संप्रेरकं इथे सगळं शरीर एका बाजूला ओढत नाहीत. संयुक्त डोळ्यातल्या नेत्रिका म्हणजे बारीक भिंगांपैकी काही नराची आणि शेजारची मादीची, असंही होतं. मधोमध उभी विभागणी लोकांच्या लक्षात राहते, पण मेलिफेरात ठिगळाठिगळांचं मिश्रणच जास्त.

ताज्या अंड्यांना थंडी लागली तरी अशा माश्या निघू शकतात. प्रयोगात अंडी थंड करून त्या मुद्दाम मिळवल्या आहेत. पण एकाच राणीकडून सतत येत असतील तर संशय तिच्या वंशावर. ऑयगस्टर या मधपाळांच्या जर्मनीतल्या कॉन्स्टान्झमधल्या अशाच एका पोळ्यातल्या माश्यांचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ फोन झीबोल्ड यांनी १८६४ मध्ये केलं होतं.

मकरंद_पेटी
स्पर्शिकेची खूण जुळली: डावीकडे १३, उजवीकडे १२. आता नमुने जनुकीय तपासणीला द्यायचेत. कसे ठेवू? आणि राणी बदलू का?

गुणसूत्र_१६
आधी माश्या हाताशी यायला हव्यात. सदोष माशी दिसली की कामकऱ्या तिला बाहेर ओढतात, म्हणून पेटीत शोधत बसण्यात अर्थ नाही. बंद कोषांची, माश्या बाहेर पडायच्या बेतात असलेली फ्रेम जाळीच्या पिंजऱ्यात घालून उबवणीयंत्रात ठेवा: ३४ ते ३५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. दर १२ तासांनी बघा.

फोटो आधी काढा: समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी. मग ९५ टक्के इथेनॉलमध्ये, माशीच्या आकारमानाच्या दहापट द्रव घेऊन, उणे २० अंशांवर. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनाची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि नमुना बेवारस होतो.

तपासणीला अख्खी माशी कुटून देऊ नका. नर आणि मादी पेशी मिसळल्या की उत्तर मादीसारखंच दिसतं. डावी स्पर्शिका, उजवी स्पर्शिका, दोन्ही मागचे पाय, प्रत्येकाची वेगळी नळी. मध्ये चिमटा इथेनॉलमध्ये बुडवून ज्योतीवर धरा. नर भागात डीएनएच्या प्रत्येक स्थानी एकच अ‍ॅलील, म्हणजे त्या जागेचं एकच रूप, येतं. मादीतही एखाद्या ठिकाणी दोन्ही सारखे असू शकतात, म्हणून किमान ८ ते १० स्थानं तपासायला सांगा.

तुलनेसाठी त्याच पोळ्यातले कामकऱ्यांचे २० ते ३० कोश (प्यूपा, म्हणजे अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था) घ्या. प्रौढ माश्या नकोत, शेजारच्या पेट्यांतून भरकटत आलेल्या त्यात मिसळलेल्या असतात. नरांचे १० कोशही घ्या: त्यांच्यावरून राणीचे दोन्ही अ‍ॅलील कळतात, एखाद्या स्थानी एक निसटण्याची शक्यता ५१२ मध्ये १. कामकऱ्यांच्या अ‍ॅलीलमधून राणीचे वजा केले की बापांचे उरतात, त्यावरून बाप किती ते कळतं. २०१८ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या गटाने एकाच पोळ्यातल्या ११ माश्या अशा तपासल्या. काहींना दोन-तीन बाप निघाले आणि एकीला दोन बाप, आई कोणीच नाही!

षट्कोन
राणीबद्दल: हा रोग नाही, दुसऱ्या पेटीला लागत नाही आणि थोड्या माश्या गेल्याने वसाहत खचत नाही. नमुने हाती येईपर्यंत तिला हलवू नका. त्यानंतरही अंड्यांची ठेवण चांगली असेल तर मधासाठी राहू द्या, फक्त तिच्या अळ्यांपासून नव्या राण्या तयार करू नका. कोषांमध्ये रिकाम्या जागा वाढत गेल्या तर मात्र ती बदला. ते बहुतेक वेळा द्विगुणित नर खाल्ले जात असल्याचं, म्हणजे जवळच्या नात्यात मीलन झाल्याचं लक्षण आहे. त्याचा या मिश्र माश्यांशी थेट संबंध नाही.