पाणाडी, फांदी आणि बोअर: पाणी नेमकं कोण शोधतं?

कातळ
फांदी किंवा नारळ हातात धरून जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा पाणाडी लबाड असतो असं मी म्हणत नाही. फांदी आपोआप फिरली असंच बहुतेकांना मनापासून वाटतं. वाय आकाराची ओली फांदी तळवे वर करून धरायची आणि दोन्ही टोकं बाहेर ताणायची. एवढ्या ताणात मनगट जरासं वळलं तरी शेंडा झटक्यात खाली जातो. अशा नकळत होणाऱ्या हालचालीबद्दल इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने 1852 मध्येच लिहून ठेवलंय. तळहातावर ठेवलेल्या नारळाचंही तेच, हाताचा किंचित कल पुरतो. एवढ्यावर कर्ज काढून बोअर घेऊ नये.

शिवारकर
पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. उलट यंत्र लावून सांगितलेली बोअरंही कोरडी जातात. मग अंधश्रद्धा फक्त फांदीचीच का? पाणाडी रान ओळखतो, उंबर बघतो, नाल्याचं वळण बघतो.

कातळ
रान ओळखतो हे मान्यच, पण मग श्रेय त्याच्या नजरेला द्या. फांदीची परीक्षा सोपी आहे. रानात एक फेरी मारू द्या, फांदी फिरेल तिथे खुंटी ठोका, प्रत्येक खुंटीचं अंतर मोजून लिहा. मग खुंट्या काढा, डोळे बांधा आणि दुसऱ्या दिशेने आणा. खाली झरा तोच आहे, तेव्हा जागाही त्याच यायला हव्यात.

आणि ‘पाणी लागलं’ म्हणजे किती? श्रावणातली एक इंच पाण्याची धार मे महिन्यात टिकली का? शिवाय जिथे झिजलेल्या खडकाचा थर जाड आणि ओला आहे, तिथे कुठेही भोक पाडलं तरी थोडंफार पाणी लागतंच. फांदी न फिरलेल्या जागी कोणी बोअर घेतच नाही, मग तुलना कशाशी करणार?

शिवारकर
डोळे बांधले की एकाग्रता मोडते. अशा परीक्षेत माणूस बिचकणारच.

मुरूम
म्युनिकमध्ये 1987-88 साली डोळे न बांधता परीक्षा झाली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावर 10 मीटरच्या रेषेवर पाणाड्याने त्याची जागा सांगायची. सुमारे 500 जणांतून 43 निवडले, 843 प्रयत्न झाले. प्रयोग करणाऱ्यांना त्यातल्या काही पाणाड्यांत कौशल्य दिसलं. अमेरिकी शास्त्रज्ञ एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते अंदाजपंचे उत्तरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत.

शिवारकर, यंत्राबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. विद्युतरोध मापनात, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजताना, जमिनीत रोवलेल्या चार सळयांपैकी बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात, आतल्या दोन सळयांवर विजेचा दाब मोजतात. बाहेरचं अंतर वाढवत नेलं की खोलवरचा अंदाज येतो. ओला खडक कमी रोध दाखवतो, पण चिकणमातीही तसाच दाखवते, आणि कातळातली अरुंद उभी भेग निसटते. म्हणून यंत्राच्या नुसत्या आलेखावर जाऊ नका. आधी मे महिन्यात शेजारच्या विहिरींत उतरून कितव्या फुटाला पाझर आहे ते पाहा. सरळ रेषेत जाणारा नाला खालच्या भेगेची खूण असू शकतो. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात आसपासच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मागा.

शिवारकर
विहिरींचं पटलं. खुंट्यांची परीक्षा घ्यायलाही हरकत नाही, पण पाणाड्याला आधी सगळं सांगून, त्याच्या होकाराने.

कातळ
अगदी. कितीपैकी किती खुंट्या जुळल्या तर पास, तेही त्याच्याकडूनच आधी लिहून घ्या.