पट्टा हातात, झोळ पट्ट्यात : कुत्र्याला न ओढता चालायला शिकवतानाचे अनुभव

आमचा बाळू लॅब्रेडोर आहे. वय २ वर्षं, वजन ३१ किलो. गेल्या पावसाळ्यात आई त्याला घेऊन इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर गेली होती. पदपथावर कुणीतरी टाकलेला भेळेचा कागद त्याला दिसला आणि त्यानं अशी मुसंडी मारली की आई ओल्या फरशीवर आडवी झाली. मनगटाचं हाड मोडलं, ६ आठवडे प्लॅस्टर. पट्टा तिनं तळहाताला दोन वेढे देऊन धरला होता, आणि तसा धरायला मीच सांगितलं होतं. कृपा करून कुणी तसा धरू नका. वेढे दिलेला पट्टा वेळेला सुटत नाही, हातच ओढून नेतो.

त्यानंतर मी शिकायला बसलो. पहिल्यांदा कळलं ते हे, की बाळूला ओढायला मीच शिकवलं होतं. तो ओढायचा, मी मागनं चालायचो, तो खांबापाशी पोचायचा. ओढलं की हवं ते मिळतं, हा धडा त्याला रोज दोन वेळा मिळत होता. शिवाय आपण मागं खेचलं की कुत्रा आपसूक पुढं जोर लावतो, तो हट्ट नव्हे.

मग नियम एकच केला. पट्टा ताठ झाला की माझे पाय थांबणार. ओरडायचं नाही, खेचायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पट्ट्याला झोळ आला, हुकाची कडी खाली लोंबली, की लगेच "शाब्बास" आणि चालू. पहिल्या दिवशी फाटकापासून गिरणीपर्यंतच्या ६० पावलांना २५ मिनिटं लागली. गिरणीवाले मामा बाहेर येऊन विचारायला लागले, "पायात काटा मोडलाय का त्याच्या?" चौथ्या दिवशी पट्टा ताणला गेला आणि बाळूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. एक कान उलटा पडलेला. मग तो एक पाऊल मागं आला आणि कडी लोंबली. खरं सांगतो, मला भरून आलं.

३ महिने लागले. आता आई परत त्याला नेते. तुमच्याकडं काय झालं ते खाली लिहा, वर आपल्या भागाचं नाव टाका. काय फसलं ते तर नक्की लिहा.

मंगळवार पेठ

आमची चिंगी बोळातलीच, पिल्लू असताना घरात घेतली. लस पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नव्हतं, म्हणून गच्चीवरच सुरुवात केली. जेवणाआधी, भूक लागलेली असताना, ५ मिनिटं. त्याहून जास्त केलं तर तिचं लक्ष उडायचं.

मला एक गोष्ट उशिरा कळली. खाऊ काय देतो यापेक्षा कुठं देतो हे महत्त्वाचं. मी हात पुढं करून द्यायची, म्हणून ती पुढंच यायची. मग चिकनचा तुकडा सलवारीच्या शिवणीला टेकवून, गुडघ्याजवळ द्यायला लागले. आठवड्याभरात ती तिथंच चालायला लागली, कारण तिथंच मिळतं हे तिला पटलं.

सासूबाई मायेनं रश्श्यातले तुकडे धुऊन द्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतात. आपला कांदा-लसूण मसाला धुऊन कुठला जातोय! आता रविवारी फोडणीआधीच मूठभर तुकडे बिनमिठाचे उकडून बाजूला ठेवतात. "हे चिंगीचं, कुणी हात लावायचा न्हाई," असं घरात जाहीरच आहे.

आणि एक. गच्चीवर शहाणी झालेली पोरगी बोळात आली की सगळं विसरते. ती बिघडली असं समजू नका. वास नवा, आवाज नवा, तर धडाही पहिल्यापासून. आम्ही जिन्यात वेगळं शिकवलं, बोळात वेगळं, आणि खासबाग मैदानाच्या रस्त्याला पुन्हा वेगळं.

पाचगाव

माझ्याकडं कारवानी हाय, नाव राजा. ही जात नाकापेक्षा डोळ्यावर चालणारी. लांब काय हललं की सुटली. मुधोळचं कुत्रं म्हणतात ते ह्याच घरातलं, २००५ सालात टपाल तिकिटावर आलं होतं बघा.

ह्यांची मान डोक्याएवढीच जाड असती. साधा गळपट्टा ढिला असला आणि कुत्रं मागं सरकलं की डोक्यावरनं अलगद निघतो. माझा तसाच निघाला. पुढं ससा, मागं राजा, आणि मी रिकामा पट्टा हातात धरून बांधावर उभा. दोन तास उसाच्या फडातनं हाका मारत फिरलो. पानांनी हात चिरले, पर ध्यान सगळं पलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकांकडं होतं. सापडला तवा विहिरीपाशी धापा टाकत बसला होता. मी तसाच त्याच्या गळ्यात पडलो.

आता मार्टिंगेल गळपट्टा घातलाय. रुंद असतो, ओढलं तर ठरावीक जागेपर्यंतच आवळतो, निघत न्हाई आणि गळाबी दाबत न्हाई. आणि पट्ट्यावर फिरवायच्या आधी ऊस तुटलेल्या मोकळ्या रानात १५ मीटरच्या दोरीवर पळू देतो. दोरी मात्र हार्नेसला, म्हंजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, मानेला न्हाई. भरधाव कुत्रं मानेवर थटलं तर मणक्याला मार बसतो. पाय मोकळे झाले की मग राजा गरिबासारखा चालतोय.

नागाळा पार्क

पग आहे. चपट्या नाकाची कुत्री आधीच श्वासाला अडखळतात, गळपट्टा ओढला की घरघर वाढते. छातीवर हूक असलेला हार्नेस घातला. ओढलं की अंग आपल्याकडंच वळतं. दोन दिवसांत फरक दिसला. पण काखेत घासतो, रोज केस बाजूला करून बघा.

शाहूपुरी

हे लिहिणं जड जातंय. आम्ही शिकवायला माणूस लावला होता. त्यानं आवळणारी साखळी घातली आणि ओढलं की झटका द्यायचा, असं शिकवलं. ब्रूनो १५ दिवसांत ओढायचा थांबला. आम्ही खूष. मग लक्षात आलं की साखळीचा आवाज झाला की तो पलंगाखाली जातोय. चालताना शेपूट पोटाखाली. खोकला लागला म्हणून दाखवलं, तर डॉक्टरांनी गळ्यावरचे केस मागं करून खालचा वळ दाखवला. त्याच दिवशी साखळी टाकून दिली.

पट्टा दिसल्यावर त्यानं दारापाशी यावं, यासाठी ५ महिने गेले. मी उंबऱ्यात पट्टा नुसता ठेवून शेजारी पनीर ठेवायचो आणि लांब बसायचो. घाईत असलेल्यांना एवढंच सांगेन, आमची घाई ब्रूनोनं भोगली.

राजारामपुरी

आपोआप गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा घेऊ नका. त्यात सतत ताण असतो, म्हणजे ओढलं की लांबतो हेच कुत्रा शिकतो. साधा दीड-दोन मीटरचा घ्या. माझा प्रश्न असा, की आमची जर्मन शेफर्ड एरवी छान चालते, पण दुसरा कुत्रा दिसला की झेपावते. काय करू?

फुलेवाडी

मी ७१ वर्षांचा. आमचा मोती १२ वर्षांचा. तरुण मंडळी सरळ चालवण्याच्या नादात कुत्र्याला हुंगू देत नाहीत, तेवढं करू नका. मी पट्टा सैल असला की १० पावलांनंतर "जा" म्हणतो आणि तो हवं ते झाड हुंगतो. त्याला चिकनपेक्षा हे बक्षीस मोठं वाटतं.

धागाकर्त्याकडून

राजारामपुरीच्या ताई, बाळूलाही हे होतं. अंतर शोधा. दुसरा कुत्रा दिसतोय, पण आपला अजून हातातला खाऊ खातोय, एवढं लांब उभं राहायचं. आमचं ते ४० पावलं निघालं. दिसला की भुंकायच्या आत खाऊ, नजरेआड झाला की खाऊ बंद. भुंकलाच तर रागवायचं नाही, आणखी लांब जायचं. अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करत आणायचं. गल्लीतली कुत्री समोरून आली तर सरळ जाऊ नका, वळसा घ्या.

रविवारी सकाळी सहाला मी आणि बाळू शालिनी पॅलेसच्या बाजूला असतो. या तिला घेऊन. एकाच दिशेनं, मध्ये ४० पावलं ठेवून चालू. जवळ आणायची घाई नाही. उकडलेलं चिकन मी आणतो.