'बिलाँगिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिकेतल्या वांशिक भेदभावावरचा एक अभ्यास-अहवाल मराठीत आणते आहे. 'रेशियल इक्विटी, इन्क्लूजन अँड बिलाँगिंग' हे त्रिकूट त्यात पानोपानी येतं. पहिल्या खर्ड्यात मी 'वांशिक समानता, समावेशन आणि आपलेपणा' लिहून मोकळी झाले. संपादकबाईंनी तिन्ही शब्दांखाली रेघ मारून कागद परत पाठवले. 'आपलेपणा'शेजारी शेरा आहे, "हे आग्रहाच्या निमंत्रणासारखं वाटतंय." पटलं, पण मग काय लिहू?

प्रतिसाद

'समानता' आधी काढा. त्याच अहवालात पुढे 'इक्वॅलिटी' येणारच, तेव्हा तिला काय ठेवाल? 'समता'ही मोठा शब्द आहे, डॉ. आंबेडकरांच्या काळात १९२८ साली त्याच नावाचं पाक्षिक निघत होतं, पण त्यात दोन्ही अर्थ मावतात आणि इथे तर फरकच दाखवायचा आहे. 'इक्विटी'साठी 'समन्याय' घ्या. पाणीवाटपाच्या वादांतून 'समन्यायी' चांगला रुळलाय, बनवलेला वाटत नाही.

फरक कुठला, तर तुमच्या अहवालात 'रेडलाइनिंग' असेलच. १९३३ साली अमेरिकी सरकारने घरकर्जांसाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढली. तिने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. वस्तीत राहणारे कोण आहेत हेही त्या नोंदींत लिहिलेलं असे आणि कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ नेहमी लाल रंगात. सरकारी हमीच्या कर्जांचा ओघ अशा वस्त्यांना वळसा घालून गेला. १९६८च्या फेअर हाउसिंग ॲक्टने घराच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवला, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा झाला. ही समानता. पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत एकाच्या आजोबांचं घर झालं, त्याची किंमत वाढली, त्यावर पोरं शिकली. दुसऱ्याचे आजोबा भाडं भरत राहिले. ते अंतर कसं भरायचं हा समन्यायाचा प्रश्न.

प्रतिसाद

'समन्याय' मान्य. मला 'वांशिक' खुपतोय. आपल्याकडे वंश म्हणजे रक्त: वंशवेल, वंशाचा दिवा, निर्वंश. 'रेस' हा समाजाने मारलेला शिक्का आहे असं हे सगळे अभ्यासक सांगतात आणि आपण भाषांतरात तो परत रक्तात नेऊन घालतो.

शिक्का कसा, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच बघा. तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिक होता येई. नोव्हेंबर १९२२मध्ये जपानी ताकाओ ओझावांना न्यायालयाने सांगितलं, कातडीचा रंग उजळ असला म्हणून काय झालं, 'गोरा' म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही ते नाही. फेब्रुवारी १९२३मध्ये पंजाबचे भगतसिंग थिंद उभे राहिले: तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे, मग द्या नागरिकत्व. उत्तर आलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. तीन महिन्यांत मोजपट्टी बदलली, निकाल तोच! यात वंश कुठे आला?

'वर्ण' घ्यावा तर चातुर्वर्ण्य मागून चालत येतं. त्यामुळे 'वांशिक'च ठेवा, पण पहिल्या वापराला एक तळटीप द्याच.

प्रतिसाद

'समावेशन' हा शब्द शासननिर्णयाबाहेर मी ऐकलेला नाही. 'सर्वसमावेशक' बरा. पण एक लक्षात घ्या, समावेश होत नसतो, कुणीतरी करतो. 'तुमचा यादीत समावेश झाला.' यादी कोणाची? 'सामावून घेणे'तही घेणारा वेगळा आणि घेतला जाणारा वेगळा.

मूळ प्रश्नकर्ती

अहो, नेमकं हेच अहवालात आहे! बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'अदरिंग अँड बिलाँगिंग इन्स्टिट्यूट' आहे, तिथल्या जॉन पॉवेल यांची मांडणी त्यात घेतलीय. इन्क्लूजन म्हणजे दुसऱ्याने बांधलेल्या घरात तुम्हाला आत घेणं. बिलाँगिंग म्हणजे घर कसं असावं यात तुमचंही चालणं. समाजाला काही देण्याचा आणि समाजाकडे मागण्याचाही अधिकार त्यात येतो.

(जाता जाता: हे गृहस्थ आपलं नाव इंग्रजीत मुद्दाम छोट्या अक्षरांत लिहितात. माणूस विश्वाचा भाग आहे, त्याच्या वर नाही, म्हणून. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरंच नाहीत. त्यांची ही नम्रता मला काही केल्या मराठीत आणता येईना.)

प्रतिसाद

मग तुम्हाला एक आयतं हत्यार देतो: 'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजी 'वुई' दोन्ही झाकून टाकतं. 'आम्ही निघतो' म्हटलं की समोरचा मागे राहिला, 'आपण निघू' म्हटलं की तोही आला. बार्बरा जॉर्डन या टेक्सासच्या कृष्णवर्णीय खासदार. १९७४मध्ये निक्सनवरच्या महाभियोगाच्या चौकशीत त्या म्हणाल्या की १७ सप्टेंबर १७८७ला राज्यघटना पुरी झाली तेव्हा 'वुई, द पीपल'मध्ये मी धरलेली नव्हते. इंग्रजीत हे सांगायला त्यांना भाषण करावं लागलं. मराठीत 'आम्ही'ला 'आपण' केलं की झालं. 'बिलाँगिंग' समजावताना प्रस्तावनेत हे वापरा.

प्रतिसाद

वापरा, पण जपून. आपल्या उद्देशिकेतही 'आम्ही, भारताचे लोक' आहे आणि तिथे तेच बरोबर आहे. ते जगाला उद्देशून आहे.

प्रतिसाद

'आपलेपणा' का चालत नाही ते सांगतो. आपलेपणा वाटतो किंवा दाखवतात. यजमानाने दाखवला नाही तर संपला. वर मांडलेल्या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द आपण रोज वापरतो: हक्काचं. हक्काचं माणूस, हक्काचं घर, 'हक्काने सांग'. यात जिव्हाळा आहे आणि दावाही आहे. पाहुणा पाणी विचारलं तर घेतो, हक्काचा माणूस माठ कुठे ठेवलाय यावरून तुमच्याशी वाद घालतो.

प्रतिसाद

मस्त, पण नाम कसं करणार? 'हक्काचेपणा'? कानाला टोचतं. आणि नुसतं 'हक्क' म्हटलं की वाचक कोर्टात पोचतो.

मूळ प्रश्नकर्ती

नाम करायचंच नाही असं ठरवलंय. मथळ्यात 'हक्काचं स्थान' आणि मजकुरात वाक्यच फिरवणार. 'रहिवाशांमध्ये आपलेपणाची भावना वाढीस लागली' असं होतं, तिथे आता 'हे शहर रहिवाशांना हक्काचं वाटू लागलं' असं केलंय. आधीचं वाक्य माझंच होतं यावर विश्वास बसत नाहीये.

आता 'अदरिंग' उरलं. 'बहिष्कृत करणं' लिहिलं होतं, पण बहिष्काराला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे, तो इथे उसना घेतल्यासारखा वाटला. सध्या 'परकं ठरवणं' ठेवलंय. 'परकेपणा' म्हणून आटोपशीर करू का?

प्रतिसाद

नको. 'परकेपणा' आपोआप आल्यासारखा वाटतो. 'ठरवणं' म्हटलं की कोण ठरवतंय असं वाचक विचारणार.