विषय: टोइंगचे (ट्रेलर ओढताना लागणारे) आरसे: पट्ट्याचे, मोज्यासारखे की अख्खे बदलायचे?

प्रेषक: ट्रॉय
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी (सह्या नेहमीसारख्या आपापल्या गावाच्या नावाने),

मिशिगनमधल्या आपल्या मंडळाचं ढोल-ताशांचं सामान यंदा बंद ट्रेलरमधून न्यायचं घाटतंय. पिकअप २०१९ ची फोर्ड एफ-१५० आहे. आरसे साधे, पण काचेत हीटर आणि ब्लाइंड स्पॉटचा दिवा (आरशात न दिसणाऱ्या जागेत गाडी आली की पेटणारा) आहे. ट्रेलर दोन समोर आहेत, एक ७ फुटी आणि एक साडेआठ फुटी, दोन्ही १६ फूट लांब. वर्षाला चार-पाच खेपा होतील. आरसे घ्यावेच लागतील का, आणि घेतले तर कोणते? गाडी एका सभासदाची आहे, तेव्हा भोकं पाडायची नाहीत.

— ट्रॉय

प्रेषक: कॅन्टन
प्रति: मंडळाची यादी

अरे, आधी ट्रेलर ठरव, मग आरसे. लोक नेमकं उलटं करतात.

७ फुटी ट्रेलरची पेटी ८४ इंच असते, पण चाकं पेटीच्या बाहेर, मडगार्डखाली. त्यामुळे जमिनीलगतची एकूण रुंदी साधारण १०२ इंच भरते. साडेआठ फुटीत चाकं आत घेतलेली असतात आणि पेटीच १०२ इंच, तीही खालपासून वरपर्यंत सरळ. म्हणजे कागदावर दोघांची रुंदी एकच, पण आरशाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू. एफ-१५० ची बॉडी सुमारे ८० इंच आणि साध्या आरशांसकट साधारण ९७. मध्यरेषेपासून आरशाची बाहेरची कड साडेअठ्ठेचाळीस इंचांवर येते. ७ फुटी पेटीची भिंत ४२ वर, म्हणजे तिच्या कडेने मागचा रस्ता साध्या आरशातही दिसतो. साडेआठ फुटीची भिंत ५१ वर. आरसा भिंतीच्या अडीच इंच आतच राहतो. तो कितीही फिरवलास तरी शेजारची लेन दिसेल, पण ट्रेलरच्या ढुंगणामागे कोण चिकटलंय ते दिसणार नाही. आतला मधला आरसा तर दोन्ही ट्रेलरना निकामीच, त्यात फक्त पत्रा दिसतो.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात मागे किमान २०० फूट रस्ता दिसला पाहिजे असं लिहिलंय, आणि हाच आकडा बऱ्याच राज्यांत आहे. हिशेब सोपा ठेवायचा तर आरशाची बाहेरची कड ट्रेलरच्या भिंतीपेक्षा दर बाजूला ३-४ इंच बाहेर हवी. मोजायला ओळंबा घे (दोरीला नट बांधला तरी भागतं). आरशाच्या कडेवरून सोड, फरशीवर खडूने खूण कर, दुसऱ्या बाजूलाही तेच. मग दोन खुणांमधलं अंतर टेपने घे. हवेत टेप धरून घेतलेलं माप हमखास इंच-दीड इंच चुकतं.

७ फुटी घेतलात तर पैसे वाचतील. साडेआठ फुटी घेतलात तर आरसे लागतीलच.

— कॅन्टन

प्रेषक: नोव्हाय
प्रति: मंडळाची यादी

कॅन्टनच्या काकांचा हिशेब बरोबर आहे. आता प्रकारांकडे.

रबरी पट्ट्यांनी मूळ आरशावर बांधायचे ते सगळ्यात स्वस्त. पण त्यांचे आकडे (हूक) आरशाच्या कवचाच्या कडेत अडकतात. कवच खाली निमुळतं असेल तर पट्टा तासाभरात सरकतो, आणि ६५ मैलांच्या वेगाला चित्र इतकं थरथरतं की मागे ट्रक आहे की कार, कळत नाही. आकडा जिथे टेकतो तिथे रंगही खरवडला जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये दाबलात तर दोन्ही त्रास निम्म्यावर येतात, जात नाहीत.

मोज्यासारखे कवचावर चढणारे त्याच गाडीच्या साच्यात केलेले असतात. तुमच्या गाडीला २०१५ ते २०२० चे चालतील. २०२१ ला बॉडी बदलली, तेव्हा "एफ-१५० ला बसतो" एवढं वाचून घेऊ नका, वर्ष पाहा. मूळ काच उघडी राहते, म्हणून हीटर आणि ब्लाइंड स्पॉटचा दिवा शाबूत राहतो. चार-पाच खेपांना माझ्या मते हेच. आरसे मोटरवर मिटणारे असतील तर हे चढवल्यावर बटण दाबायचं नाही. वजन वाढलेलं असतं, आतले दाते तुटतात. आणि काम संपलं की काढून ठेवा. आठ फुटी गॅरेजचं दार ९६ इंच असतं, तुमची गाडी तर आरसे मिटल्याशिवाय तसंही आत जात नाही.

आणखी एक. डावीकडे सपाट काचच घ्या. अमेरिकेच्या सुरक्षा मानकात चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असावा लागतो. बहिर्वक्र काच उजवीकडे चालते, तीही ३५ ते ६५ इंच त्रिज्येची आणि "वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत" ही सूचना कोरलेली. स्वस्त जोड्यांत दोन्ही बाजूंना एकच बहिर्वक्र काच टाकलेली दिसते. ती बघून लेन बदललीत तर मागची गाडी दूर वाटते आणि ती मात्र दाराशी आलेली असते.

— नोव्हाय

प्रेषक: ग्रँड रॅपिड्स
प्रति: मंडळाची यादी

> गाडी एका सभासदाची आहे, तेव्हा भोकं पाडायची नाहीत

अख्खा आरसा बदलतानाही भोक पाडावं लागत नाही हो. जुन्याच जागी, जुन्याच नटांवर बसतो. खरा घोळ वायरिंगचा आहे. २०१५ नंतरच्या एफ-१५० मध्ये काहींना ८ पिनांचा जोड, काहींना २२ पिनांचा. आरसा मागवण्याआधी दाराचं पॅनल उघडून पिना मोजा. नव्या काचेत ब्लाइंड स्पॉटचा दिवा नसेल तर मागच्या दिव्यांतलं रडार चालतच राहतं, फक्त आरशात काही पेटत नाही. ते जास्त धोक्याचं, कारण न पेटलेला दिवा "वाट मोकळी" असंच सांगतो. आरशाखाली ३६० अंशांचा कॅमेरा असेल तर बिनकॅमेऱ्याचा आरसा घेऊच नका. हीटरची काच नसली तर मिशिगनच्या जानेवारीत तो आरसा नुसता शोभेचा.

बदलायचंच ठरलं तर: बॅटरीची ऋण वायर काढून थोडं थांबा. हँडलमागचे आणि मुठीच्या खोबणीतले स्क्रू काढा, मग पॅनल सरळ वर उचला, बाहेर ओढू नका, क्लिपा मोडतात. लॅचची केबल आणि खिडकीच्या बटणांचा जोड सोडवा. नट सैल करण्याआधी खालच्या पोकळीत फडकं कोंबा, नाहीतर नट दारात पडतो आणि उरलेली दुपार चुंबक फिरवण्यात जाते. शेवटच्या नटाच्या वेळी दुसऱ्या कोणी बाहेरून आरसा धरलेला हवा.

पण एवढ्या खेपांसाठी? नोव्हायकरांशी सहमत.

— ग्रँड रॅपिड्स

प्रेषक: ट्रॉय
प्रति: मंडळाची यादी

साडेआठ फुटी ठरला, ढोल उभे रचता येतात म्हणून. आरसे मोज्यासारखे. लावायचे कसे तेवढं सांगा काका.

— ट्रॉय

प्रेषक: कॅन्टन
प्रति: मंडळाची यादी

ट्रेलर जोडून, सामान भरून, वेट डिस्ट्रिब्युशनच्या दांड्या (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या) ताणून झाल्यावरच. आधी लावलेस तर नंतर गाडीचं मागचं टोक बसतं, पुढचं उचलतं आणि आरसा आभाळ दाखवतो. सपाट जागा बघ. आधी सीट, मग आरसे. वरच्या सपाट काचेत ट्रेलरची भिंत आतल्या कडेला पाव भागापेक्षा कमी दिसावी, क्षितिज मध्याच्या जरा वर. खाली बहिर्वक्र काच असेल तर तिच्यात ट्रेलरची चाकं आणि शेजारची लेन.

२०० फूट तपासायला दुकानाच्या पार्किंगचे खण मोज. खण साधारण ९ फुटी, म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकापासून २२ खण. तिथे एकाला उभं करून डावीकडून उजवीकडे चालायला लाव. तो कुठे गायब होतो तिथे कोन ठेव, म्हणजे आंधळी जागा किती रुंद आहे ते चालवणाऱ्यांना डोळ्यांनी दिसेल. जो जो चालवणार आहे त्याने सीटवर बसून बघायचं, एकाने लावलेला आरसा दुसऱ्याला लागू पडत नाही.

निघाल्यावर पहिल्या ५० मैलांनी थांबून आरशांचे पट्टे-स्क्रू पुन्हा आवळायचे. हिचची (गाडी-ट्रेलरच्या जोडाची) पिन आणि साखळ्या बघायच्या त्याच वेळी.

— कॅन्टन