मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलीसह सिंगापूर, चार रात्री

रत्नागिरी
मेच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं आहे. आम्ही दोघं, सासूबाई आणि लेक (उंची ८८ सेंमी). मुंबईहून रात्रीचं विमान, तिथे सकाळी उतरतं. लेकीची दुपारची झोप सांभाळून दिवस कसे आखावेत? बाबागाडी न्यावी का? आणि जेवणाचं काय, ती अजून मऊभात आणि नाचणीच्या सत्त्वावरच आहे.

दापोलीकर
ताई, तिचं घड्याळ बदलूच नका. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे. घरी नऊला झोपणारं मूल तिथल्या साडेअकराला झोपेल आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास उठेल. चार रात्रींत तिला तिथल्या वेळेवर आणायला गेलात तर ते जमेपर्यंत परतायचा दिवस येतो. घरची १ ते ३ ची झोप तिथे साडेतीन ते साडेपाच पडते आणि मेमध्ये वळवासारखा गडगडाटी पाऊस बऱ्याचदा दुपारीच येतो. तो वेळ हॉटेलवर काढा, संध्याकाळी बाहेर पडा. गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेतला सुपरट्रींचा (झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा) दिव्यांचा खेळ ७:४५ आणि ८:४५ ला असतो, तिकीट नाही. तिथल्याच मुलांच्या बागेत पाण्यात खेळता येतं, तीही मोफत. सोमवारी मात्र बंद. कपड्यांचा एक जोड आणि पंचा जवळ ठेवा.

पहिला दिवस खरा कठीण. सकाळी उतरलात तरी हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोन-तीनला मिळते. रात्रभर अर्धवट झोपलेलं मूल आणि सासूबाई इतका वेळ बसून राहणार का? आदल्या रात्रीपासून खोली घ्या. पैसे जातात, पण माझ्या मते या सहलीतला हा सगळ्यात योग्य खर्च. मात्र ‘सकाळी पोचतोय’ असं हॉटेलला आधी लेखी कळवा. नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं.

वेंगुर्ले
बाबागाडी न्याच, पण एका हाताने मिटणारी. मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराशी नाही, तेव्हा पाटी बघून त्याच दाराकडे वळा. सासूबाईंचीही सोय होते. बसमध्ये गाडी उघडी ठेवून नेता येते. ९० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांसोबत तिकीट नाही. मोठ्यांना बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं हवं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करून घ्या. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, पाणीसुद्धा. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. आत शिरण्याआधीच लेकीला पाणी पाजा.

ॲपवरून खाजगी गाडी बोलावलीत तर १.३५ मीटरपेक्षा लहान मुलाला चाइल्ड सीट लागते. साध्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे.

रत्नागिरी
खूप आभार. सत्त्व खोलीतल्या किटलीच्या पाण्यात होईल ना?

दापोलीकर
नाही. सत्त्व शिजवावं लागतं. नुसतं गरम पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि कच्चं राहतं, पोट बिघडेल. त्याऐवजी पातळ पोहे मंद आचेवर भाजून पूड करून न्या. उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकलं की मऊ होते. मेतकूट न्या, भात-दही लिटल इंडियात (तिथल्या भारतीय वस्तीत) मिळतं. तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात, तेव्हा अडॅप्टर हवा.

चिपळूण
लेक दोन वर्षांपुढची, त्यामुळे विमानात तिला स्वतःची सीट घ्यावी लागेल. व्हिसा तिचाही वेगळा. अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म) पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, प्रत्येकाचं. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

आणि रेल्वेचं परतीचं तिकीट आधी बघा. मेच्या सुरुवातीला मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळते, चाकरमान्यांमुळे कोकणात येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. विमान उतरतं त्या दिवसाचं नको, दुसऱ्या दिवसाचं काढा. गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथूनच चढा.