मुलांचा स्वभाव मेंदूत ठरलेला असतो का? ठशांच्या चाचणीविषयी विचारणा

इंदिरानगरची आई
नमस्कार. आमची दोन मुले एकाच घरात वाढली. तरी थोरली अनोळखी माणसांसमोर गप्प राहते आणि धाकटा कमालीचा उतावळा आहे. गंगापूर रोडवरील एका शिकवणीवर्गाने डीएमआयटी ही चाचणी सुचवली आहे. बोटांच्या ठशांवरून मेंदूच्या प्रत्येक भागाची क्षमता टक्क्यांत कळते आणि त्यानुसार शाखा निवडता येते, असे ते सांगतात. स्वभाव आणि बुद्धी मेंदूच्या घडणीवर कितपत अवलंबून असतात आणि ती घडण अशी मोजता येते का?

मानसशास्त्राचा_प्राध्यापक
चाचणीवर पैसे घालवू नका. बोटांवरील रेषा गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्यापर्यंत कायम होतात. उलट संयम आणि नियोजन ज्याच्यावर बरेचसे अवलंबून असते, तो मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. एकावरून दुसऱ्याचे टक्के काढण्याला शास्त्रीय आधार नाही.

मात्र उपजत वृत्तीचे मूळ मेंदूत असते, ही तुमची शंका रास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर अपरिचित आवाज, वास आणि खेळणी आणली, तेव्हा साधारण पाचांतले एक बाळ हातपाय झाडून रडू लागे आणि अशी बाळे पुढे बुजरी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. नावीन्य आणि धोका यांची दखल घेणारा अमिग्डाला हा भाग त्यांच्यात चटकन उत्तेजित होत असावा, असे केगन यांचे मत होते. तरीही त्यांतली पुष्कळ मुले मोठेपणी अतिबुजरी राहिली नाहीत.

पंचवटीकर
कपाळामागच्या भागाचा विषय निघाला की फिनिअस गेज आठवतो. 1848 मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाची पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण आधीचा गेज उरला नाही, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. पाठ्यपुस्तके येथेच थांबतात, ही माझी तक्रार आहे. पुढे त्याने चिली देशात अनेक वर्षे घोडागाडी हाकली आणि शिस्त व सावधपणा नसलेल्या माणसाला ते जमले नसते.

द्राक्षबागायतदार_दिंडोरी
बुद्धीविषयी थोडे. चार देशांतील सुमारे 11 हजार जुळ्यांच्या जोड्यांवरील 2010 च्या अभ्यासात बुद्धीची आनुवंशिकता नवव्या वर्षी 41, बाराव्या वर्षी 55 आणि सतराव्या वर्षी 66 टक्के आढळली. याचा अर्थ एखाद्या मुलाची 66 टक्के बुद्धी आईवडिलांकडून येते, असा मुळीच नाही. ते टक्के त्या गटातील मुलांमुलांमधल्या फरकाचे आहेत. बागेत सर्व वेलींना सारखे पाणी आणि खत दिले तर उरलेला फरक वाणाचाच दिसतो, पण अर्ध्या बागेचे पाणी तोडले की तोच हिशेब पालटतो.

इंदिरानगरची आई
सर्वांचे आभार. चाचणी करणार नाही. पण धाकट्याच्या उतावळेपणासाठी कोणाकडे जावे का?

मानसशास्त्राचा_प्राध्यापक
शाळेत आणि घरी, दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ अभ्यास, मैत्री किंवा सुरक्षितता यांत अडचण येत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ते शिक्षकांकडूनही माहिती घेतात. म्हणून वर्गशिक्षिकेची निरीक्षणे लिहून सोबत न्या.